स्वतंत्र चित्रपट आणि माध्यमकला केंद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट बनवणारे, बघणारे आणि अशा केंद्राला पैसे देणारे, तिघांचे प्रश्न वेगवेगळे असतात. इथे ते एकत्रच घेतले आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरं दोन ओळींत संपतात, ती उगाच लांबवलेली नाहीत.

असं केंद्र नेमकं करतं काय?

चित्रपट आणि व्हिडिओ बनवायला साधनं देतं, बनलेलं काम नीट दाखवतं, ते इतरत्र पोचवतं आणि सांभाळून ठेवतं. ही चारही कामं एकाच छताखाली असतीलच असं नाही. कुणी फक्त वितरण करतं, कुणाचा भर कार्यशाळांवर असतो. पण ती एकत्र आली की काय घडतं, हे १९६६ साली स्थापन झालेल्या लंडन फिल्ममेकर्स को-ऑपमध्ये बघायला मिळालं. पुढच्या काही वर्षांत तिथे छोटं प्रेक्षागृह आलं, वितरणाचं काम उभं राहिलं आणि सभासदांना स्वतः चालवता येतील अशी फिल्म धुण्याची व प्रिंट काढण्याची यंत्रंही आली. दिग्दर्शक स्वतःच फिल्म धुवायचा, प्रिंटरवर तीच चौकट पुन्हा पुन्हा छापून बघायचा आणि ते काम आपल्याच मंडळींसमोर दाखवायचा. त्यातून तिथल्या चित्रपटांचं रूपच पालटलं. फिल्मचे कण, ओरखडे, छपाईत होणारे बदल हाच कित्येक चित्रपटांचा विषय झाला. बाहेरच्या लॅबला फिल्म देऊन हे झालं नसतं. लॅबने तो ओरखडा दोष समजून माफी मागितली असती.

‘स्वतंत्र’ म्हणजे कुणापासून?

स्टुडिओ, मोठे वितरक आणि जाहिरातदार यांच्यापासून, हे तर झालंच. पण सरकारी अनुदान घेणारं केंद्रही स्वतंत्र असू शकतं आणि एका पैशाचंही अनुदान न घेणारं केंद्र कुणा एका देणगीदाराच्या मुठीत असू शकतं. पैसा कुठून येतो यापेक्षा, जाहीर झालेला खेळ ऐनवेळी रद्द करायला कुणाचा फोन पुरतो, हे विचारावं.

माध्यमकलेत काय काय येतं?

व्हिडिओ, ध्वनिरचना, संगणकावर घडवलेल्या प्रतिमा, प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी कामं, दालनात मांडलेली इन्स्टॉलेशन्स, आणि ज्याला अजून धड नाव पडलेलं नाही असंही बरंच काही.

याची सुरुवात बहुतेक जण सोनीच्या पोर्टापॅकपासून मोजतात. १९६७ च्या सुमारास खांद्याला अडकवून नेता येईल असा हा व्हिडिओ संच बाजारात आला आणि टीव्ही स्टुडिओबाहेरच्या माणसाच्या हातात पहिल्यांदा व्हिडिओ आला. काही वर्षांतच त्याभोवती संस्था उभ्या राहिल्या. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्टाइना आणि वूडी वासुल्का यांनी ‘द किचन’ सुरू केलं. एका हॉटेलच्या जुन्या स्वयंपाकघरात ते भरायचं, म्हणून हे नाव. त्याच वर्षी हॉवर्ड वाइज यांनी ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स’ या व्हिडिओकलेला वाहिलेल्या संस्थेची स्थापना केली. न्यूयॉर्क राज्यातलंच एक्सपेरिमेंटल टेलिव्हिजन सेंटरही १९७१ चंच. तिथे कलाकार आणि तंत्रज्ञ मिळून प्रतिमेवर प्रक्रिया करणारी यंत्रं स्वतः बनवत आणि राहायला येणारे कलाकार ती वापरत. व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक आणि तंत्रज्ञ शुया आबे यांच्या व्हिडिओ सिंथेसायझरचा, म्हणजे व्हिडिओचे रंग-आकार बदलणाऱ्या यंत्राचा, एक संच तिथेच तयार झाला.

केंद्राच्या दृष्टीने फरक अगदी व्यवहारातला आहे. चित्रपटाला अंधार, खुर्च्या आणि ठरलेली वेळ लागते. इन्स्टॉलेशनला भिंत लागते, दिवसभर वीज लागते आणि दर तासाला जाऊन सगळं चालू आहे ना हे बघणारा माणूस लागतो. एकाच खोलीत दोन्ही बसवायला गेलं की दोन्हीचे हाल होतात.

मल्टिप्लेक्स आहेत, ओटीटी आहे, फिल्म सोसायट्या आहेत. मग आणखी वेगळं केंद्र कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

मल्टिप्लेक्सचं गणित सरळ असतं: अमुक लांबीचा चित्रपट, दिवसाला अमुक खेळ. सात मिनिटांची मूक फिल्म, पाच तासांचा माहितीपट किंवा दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून दाखवायचं काम या गणितात बसतच नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. वेळापत्रकात तशी जागाच नसते.

ओटीटीवर जागा अमर्याद आहे, हे खरं. पण तिथलं काम तुमच्याकडे नसतं, ते करारावर असतं. करार संपला की चित्रपट यादीतून गायब होतो, आणि तो कुठे गेला हे सांगायला कुणी बांधील नसतं. शिवाय तिथे काय पुढे आणायचं हे आधी काय पाहिलं गेलं यावर ठरतं. आधी कुणीच न पाहिलेल्या कामाने पुढे यायचं तरी कसं?

फिल्म सोसायटी हे मात्र केंद्राचं जवळचं नातेवाईक. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ ची. न्यूयॉर्कमध्ये एमस व मार्शिया फोगल यांनी १९४७ ते १९६३ अशी सोळा वर्षं ‘सिनेमा १६’ चालवली आणि तिची सभासदसंख्या काही हजारांवर गेली. एमस फोगल यांना त्याची प्रेरणा मिळाली ती प्रायोगिक चित्रपट बनवणाऱ्या माया डेरेन यांनी १९४६ साली स्वतः नाट्यगृह भाड्याने घेऊन आपले चित्रपट दाखवले त्यावरून. फोगल दांपत्याच्या कार्यक्रमांत वैज्ञानिक फिल्म, प्रायोगिक फिल्म आणि माहितीपट एकाच संध्याकाळी यायचे. प्रेक्षकाला पुढे काय येणार याचा अंदाज येऊ नये, हाच हेतू.

फिल्म सोसायटी दाखवते आणि त्यावर चर्चा घडवते. हातात कॅमेरा देणं, ध्वनी कसा घ्यावा हे शिकवणं आणि वीस वर्षांनी ती टेप कपाटातून काढून चालते का हे बघणं, हे तिचं काम नव्हे. ते करायला केंद्र लागतं.

तिथे दाखवलेल्या चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं का?

देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा कायदा बघूनच ठरवा. सभासदांपुरता खेळ आणि जाहीर खेळ यांत अनेक कायदे फरक करतात. ‘सिनेमा १६’ सभासदत्वावर चालण्यामागे हेच कारण होतं: तिकीट विकून केलेल्या जाहीर खेळाला राज्याच्या सेन्सॉरची परवानगी लागायची, सभासदांच्या खेळाला नाही.

काय दाखवायचं हे कोण ठरवतं?

यावर भांडणं जुनी आहेत, आणि ती मिटलेली नाहीत तेच बरं.

एका टोकाला न्यूयॉर्कची फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिग्दर्शकांनी मिळून काढलेल्या या वितरण संस्थेचं तत्त्व असं की सभासदाने आणलेली फिल्म नाकारायची नाही. चांगली-वाईट ठरवायला समिती नाही, सूचीत सगळे सारखे. दुसऱ्या टोकाला १९७० साली त्याच शहरात उघडलेलं अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज. तिथे एका छोट्या निवड समितीने सुमारे ३३० चित्रपटांची एक यादी केली, आणि सिनेमा ही कला म्हणून शिकायची तर हे पाहिलेच पाहिजेत असं ठामपणे सांगितलं. गंमत म्हणजे चित्रपटकार जोनास मेकास हे दोन्ही संस्थांच्या स्थापनेत होते. एकाच माणसाला एकीकडे दार सताड उघडं हवं होतं आणि दुसरीकडे कडक चाळणी.

मला यात विसंगती वाटत नाही. वितरणाला चाळणी लावली की नवा माणूस बाहेरच राहतो. पण संध्याकाळच्या दोन तासांच्या कार्यक्रमात सगळं दाखवता येत नाही. तिथे कुणीतरी निवडावंच लागतं. अट एवढीच की निवडणाऱ्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर असावं आणि माणसं ठरावीक काळाने बदलावीत. मेकास यांच्या समितीच्या यादीत स्त्री दिग्दर्शकांची नावं फारच थोडी आहेत. समितीतले सगळे पुरुष होते, हे त्यामागचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

खेळ कसा दाखवतात याचा एवढा बाऊ का?

कारण केंद्राची परीक्षा इथेच होते. कार्यक्रम कितीही विचारपूर्वक आखलेला असो, चित्र ताणलेलं दिसलं आणि संवाद कळले नाहीत तर त्या संध्याकाळी दिग्दर्शकाचं काम कुणीच पाहिलेलं नसतं.

अँथॉलॉजीच्या पहिल्या जागेत चित्रपटकार पीटर कुबेल्का यांनी ‘अदृश्य सिनेमा’ नावाचं प्रेक्षागृह रचलं होतं. भिंती, छत, खुर्च्या सगळं काळं, आणि दोन खुर्च्यांमध्ये आडोसे, म्हणजे शेजाऱ्याचं डोकंही दिसू नये. पडद्याशिवाय नजरेला काही सापडूच नये, ही कल्पना. ते प्रेक्षागृह काही वर्षंच टिकलं. एवढ्या टोकाला प्रत्येकाने जावं असं नाही. शेजारी बसलेला माणूस हसला हे कळण्यातही मजा असते.

पण किमान गोष्टी आहेतच. जुन्या चित्रपटाची चौकट १.३७ ची असते, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट; रुंद पडद्याच्या चित्रपटाची १.८५ किंवा २.३९ ची. पडदा भरून दिसावा म्हणून चौकोनी चित्र ओढून रुंद केलं की माणसं जाडी होतात आणि वरून-खालून कापलं की डोकी उडतात. बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. मूकपटांचा वेग ठरलेला नसायचा, बऱ्याचदा तो १६ ते २० च्या आसपास असे. तो सरसकट २४ ने चालवला की सगळी पात्रं धावायला लागतात आणि शोकप्रसंगालाही लोक हसतात. डिजिटल खेळासाठी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालवायची डिजिटल प्रत, मागवली असेल तर ती आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून पूर्ण चालवून बघावी. कुलूपबंद डीसीपी उघडणारी डिजिटल चावी ठरावीक तारखेला आणि वेळेलाच चालते. खेळ अर्धा तास पुढे गेला आणि चावीची मुदत संपली, तर प्रेक्षागृह भरलेलं असूनही पडदा कोराच राहतो. कुणाच्या तरी लॅपटॉपवरून खेळ करायचा झाला तर निदान त्यावरच्या सूचना बंद कराव्यात. भर चित्रपटात कुणाचा तरी निरोप पडद्यावर सरकत आलेला मी पाहिला आहे.

चांगला प्रोजेक्शनिस्ट मिळाला तर त्याला सोडू नका. आणि त्याचं नाव पत्रिकेवर छापा.

कॅमेरे, माइक, एडिटिंगची जागा कुणालाही मिळते का?

बहुधा सभासदांना, आणि त्या त्या साधनाचं छोटं प्रशिक्षण घेतल्यावर. अनामत, ओळखपत्र, परत करायची तारीख हे नियम जाचक वाटतात, पण त्यांच्याशिवाय सहा महिन्यांत कॅमेऱ्याची लेन्स एकीकडे आणि चार्जर दुसरीकडे अशी अवस्था होते. साधन घेताना समोरच तपासून सही करा. तडा आधीपासून होता की तुमच्याकडे गेला, हा वाद नंतर सुटत नाही.

मी आजवर काहीच बनवलेलं नाही. आलो तर चालेल?

चालेल. ध्वनीच्या कार्यशाळेपासून सुरुवात करा. कॅमेऱ्याच्या कार्यशाळेला गर्दी असते, आणि नवख्यांचे चित्रपट फसतात ते बहुतेक वेळा आवाजामुळे.

फिल्मवर चित्रीकरण अजून कशाला शिकवतात?

हौस हे एक कारण, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुसरंही आहे. कोडॅकने १९२३ साली आणलेल्या १६ मिमी फिल्मचं शंभर फुटांचं रीळ २४ च्या वेगाने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतं. एवढंच हातात असलं की माणूस कॅमेरा सुरू करण्याआधी बघायला शिकतो.

व्यावसायिक लॅब एकामागून एक बंद होऊ लागल्या तेव्हा अनेक ठिकाणी कलाकारांनी त्यांची टाकून दिलेली यंत्रं उचलून आणली आणि स्वतःच्या लॅब थाटल्या. पॅरिसजवळची ‘लाबोमिनाब्ल’ १९९६ पासून अशी चालते आहे. तिथे कुणी तुमची फिल्म धुऊन देत नाही, धुवायला शिकवतात. धंदा म्हणून संपलेलं तंत्र असं कलाकारांच्या हातात टिकून राहिलं आहे, आणि जुन्या फिल्मची दुरुस्ती करायला माणूस लागतो तेव्हा तोही याच लॅबमधून शोधावा लागतो.

माझी फिल्म केंद्राकडे दिली तर हक्क कुणाचे?

तुमचेच. केंद्राला फक्त दाखवण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार मिळतो, तोही शक्यतो अनन्य नसलेला, म्हणजे तीच फिल्म तुम्ही दुसऱ्यालाही देऊ शकता. हे लेखी घ्या: किती वर्षांसाठी, कुठे, मिळालेल्या भाड्यात तुमचा वाटा किती, आणि केंद्र बंद पडलं तर मूळ प्रती कुणाकडे जाणार. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने टाळतात. टाळू नका. चित्रपटात दुसऱ्याचं गाणं वापरलं असेल तर त्याची परवानगी आणणं मात्र तुमच्याकडे.

खेळासाठी दिग्दर्शकाला मानधन मिळतं का?

मिळायलाच हवं. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नव्हे. सभागृहाचं भाडं, छपाई, चहापाणी सगळ्याला तरतूद असते आणि ज्याचं काम दाखवायचं त्याच्यापाशी येताच निधी संपतो, असं दिसलं तर अंदाजपत्रक उलट्या बाजूने लिहिलं गेलं आहे असं समजा.

हा हक्क कुठे आपोआप आलेला नाही. कॅनडात १९६८ साली चित्रकार आणि चित्रपटकार जॅक चेम्बर्स यांनी पुढाकार घेऊन कलाकारांची ‘कारफॅक’ ही संघटना उभी केली. निमित्त होतं कलाकृतींच्या प्रतिकृती विनामोबदला वापरू द्या, असं सांगणारं राष्ट्रीय कलादालनाचं पत्र. वीस वर्षांनी, १९८८ साली, तिथल्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती प्रदर्शित करण्याचा हक्क कलाकाराचा असल्याचं नमूद झालं.

जुन्या टेपा सांभाळण्यात एवढा वेळ आणि पैसा का घालवायचा? सगळं डिजिटल करून टाकलं की झालं ना?

‘करून टाकलं’ एवढं ते सोपं नाही.

ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म खराब व्हायला लागली की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो. फिल्म आक्रसते, वाकते आणि एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की थांबत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त मंदावते. जुन्या रंगीत प्रिंटमधले निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि सगळा चित्रपट गुलाबी होतो. व्हिडिओची गत याहून वाईट. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला दमटपणा शोषतो. अशी टेप तशीच मशीनमध्ये घातली तर थर खरवडून निघतो, आणि त्याबरोबर चित्रही. तिला आधी जाणकाराकडून मंद उष्णतेत वाळवून घ्यावं लागतं, आणि मग एकदाच, पहिल्याच फेरीत उतरवून घ्यायचं.

पण टेप शाबूत असली तरी ती चालवायची कशावर? व्हीएचएस मशीन बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. त्याआधीच्या प्रकारांची मशीन कधीच बंद झाली. उरलेली दुरुस्त करणारे लोकही म्हातारे होताहेत. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली इशारा दिला तो याच कारणाने: २०२५ च्या आसपासपर्यंत ज्या टेपा उतरवल्या जाणार नाहीत, त्यातल्या बऱ्याच कायमच्या जातील.

उतरवून झाल्यावरही काम संपत नाही. हार्ड डिस्क कपाटात ठेवून दिली की ती सुरक्षित आहे असं वाटतं, आणि पाच वर्षांनी ती उघडत नाही. किमान तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, आणि ठरावीक वर्षांनी नव्या साठवणीवर हलवणं, हे कायमचं चालू राहणारं काम आहे. मोठ्या सरकारी अभिलेखागारात नामवंतांच्या फिल्मना जागा मिळते. एखाद्या वस्तीतल्या बायकांनी कार्यशाळेत केलेली वीस मिनिटांची टेप तिथे कुणी मागत नाही. ती राहिली तर केंद्राच्या कपाटातच राहते.

हे सगळं मूठभर दर्दींसाठीच नाही का?

काही कार्यक्रम असतात तसे, आणि असू द्यावेत. बारा प्रेक्षकांचा खेळ हा अपयशी खेळ नव्हे. पण केंद्राचं सगळं काम तेवढंच असेल तर आक्षेप खरा आहे.

१९६७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो फोगो बेटावर गेले. मासेमारीवर जगणाऱ्या तिथल्या वस्त्या विखुरलेल्या होत्या, त्यांच्यात फारसं बोलणं नव्हतं आणि सरकार त्यांना बेट सोडून जायला सांगत होतं. लो यांनी लोकांशी केलेल्या संभाषणांच्या सत्तावीस छोट्या फिल्म बनवल्या आणि एका वस्तीतल्या माणसाचं म्हणणं दुसऱ्या वस्तीत नेऊन दाखवलं. नंतर त्या मंत्र्यांनाही दाखवल्या आणि मंत्र्यांची उत्तरं चित्रित करून परत बेटावर आणली. बेटकरांनी पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था काढली आणि ते तिथेच राहिले. श्रेय एकट्या चित्रपटांचं नाही, पण लोक एकमेकांचं ऐकू लागले ते पडद्यावरून. त्या फिल्ममध्ये कॅमेऱ्याची कसली करामत नाही.

पैसा कुठून येतो?

अनुदान, सभासदांची वर्गणी, कार्यशाळांचं शुल्क, साधनांचं भाडं, देणग्या. यातला एकच खांब धरून उभं राहिलेलं केंद्र कधी कोसळेल सांगता येत नाही. लंडनची को-ऑप नव्वदच्या दशकात व्हिडिओवाल्या संस्थेबरोबर एका नव्या, चकचकीत इमारतीत ‘लक्स सेंटर’ म्हणून गेली. २००१ साली ते बंद पडलं. भाग महागला आणि जागेचा खर्च पेलेना. पुढच्याच वर्षी ‘लक्स’ ही संस्था संग्रह आणि वितरण घेऊन पुन्हा उभी राहिली. चित्रपटांच्या प्रती आणि त्यांचे करार टिकले होते, म्हणून हे जमलं.

अनुदान देणाऱ्यांना महोत्सव आवडतात, कारण त्यांचे फोटो निघतात. प्रोजेक्टरचा दिवा बदलणं, तंत्रज्ञाचा पगार, गोदामातली थंड हवा यांचे फोटो निघत नाहीत. अर्ज लिहिताना या गोष्टी ‘इतर खर्च’ या सदरात लपवू नका, नाव घेऊन मागा.

नवं केंद्र सुरू करायचं तर आधी काय घ्यावं?

कॅमेरा सगळ्यात शेवटी. तो सर्वांत लवकर जुना होतो, आणि बऱ्याच जणांच्या खिशात आज कामापुरता असतोच. आधी पूर्ण अंधार होईल अशी खोली, बरा प्रोजेक्टर, चांगले स्पीकर आणि दोन-तीन उत्तम माइक. मग एक कोरडं, कुलपाचं कपाट आणि एक नोंदवही: कुणाची फिल्म, कधी आली, कशावर आहे, किती मिनिटांची, हक्कांबाबत काय ठरलं, परत कधी द्यायची. नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. पाचव्या वर्षी आठवून लिहायला बसलं की निम्म्या डब्यांवर नाव नसतं. आणि किल्ल्या दोन माणसांकडे असू द्या.